मधली भिंत

मुखेड
८ नोव्हेंबर २०२५

चि. सृष्टीस आज्जीचा आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी मकबूलच्या टेम्पोतून पोचली. लिहून पाठवलंस ते बरं केलंस. फोनवर तू बोलतीस अन् मला माशी घोंगावल्यासारखं ऐकू येतंय. मी आपली 'हाव हाव' म्हणते अन् मागून कळतं, तिथं न्हाई म्हणायचं व्हतं. तुझ्या आईनं आणलेलं कानाचं यंत्र डब्यात हाय. त्याच्यातून अख्खी गल्ली ऐकू येते, समोरचं माणूस सोडून.

आता मुद्द्याचं. दिवाळीत तू रवीला लातूरला बोलावून घेतलंस. म्हणे दवाखान्यात काळजाचं मशीन चालवायला शिकतीस, सरावाला छाती पाहिजे. आम्ही म्हटलं, सख्खी बहीण हाय, बघू दे. तू त्याच्या छातीवर गार डिंक लावून आत बघितलंस, अन् आता लिहितीस की काळजाची मधली भिंत जाड हाय, त्याला तीन महिने पळू देऊ नको. का, ते लिहिलं न्हाईस. पोरगं पोलीस भरतीसाठी दोन वर्षं झाली पहाटेचं पळून राहिलं. जेवतानाबी पाय हलवतंय. त्याला थांबवायचं तर कारण द्यावं लागंल. माझे केस पांढरे हायत म्हणून तो थांबणार न्हाई.

अन् अजून एक. यंत्र फिरवताना त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग अंगावेगळं केलं न्हाईस ना? तुमच्या दवाखान्यात गळ्यातलं सगळं काढून ताटलीत ठेवायची खोड असते.

खरं कारण लिही. गोड करून लिहू नको. मी चौथीच शिकले, पण खोटं लिहिलेलं मला वास घेऊन कळतं.

सिद्धम्मा


लातूर
११ नोव्हेंबर

ती. आज्जीस सृष्टीचा शरणार्थ.

लिंग काढलं नाही. रवीनं ते डाव्या मुठीत धरलं होतं आणि तोच हात डोक्याखाली घेऊन तो कुशीवर झोपला होता.

काळीज म्हणजे मांसाच्या भिंतींची पिशवी. प्रत्येक ठोक्याला भिंत आवळते. आवळली की जाड होते, सैल सोडली की परत पातळ. तू घागर उचलतेस तेव्हा दंडाचा गोळा येतो ना, तसं. आम्ही पडद्यावर ती भिंत दोनदा मोजतो, एकदा सैल असताना, एकदा आवळलेली असताना. चांगली भिंत आवळताना चांगली फुगते. रवीची मधली भिंत सैल असतानाच जाड आहे, आणि आवळताना फारशी वाढत नाही. मूठ आधीच वळून बसलेली असावी तशी.

आमच्या डॉक्टर मॅडमनी पुन्हा स्वतः मोजली. त्या म्हणाल्या, याची दोन कारणं असू शकतात. एवढं पळणाऱ्या पोरांची भिंत कमावलेली असते, पैलवानाच्या दंडासारखी. पळणं थांबलं की ती उतरते, त्याची काळजी नाही. दुसरं कारण म्हणजे जन्माचा आजार. त्यात भिंत उतरत नाही, आणि पळता पळता काळीज एकाएकी थांबू शकतं. रवीची जाडी अशी मधेच आहे की आज काही सांगता येत नाही. तीन महिने पळणं पूर्ण बंद ठेवायचं आणि परत मोजायचं. उतरली तर सुटला.

तू खरं विचारलंस म्हणून पुढचं लिहिते. हा आजार रक्तातून येतो. मॅडमनी मला विचारलं, 'वडील कशानं गेले?' मी म्हटलं, विहिरीतली मोटार ओढून वर काढली आणि तिथंच बसले, ऊन लागलं. सगळे तसंच सांगतात ना. त्यांनी विचारलं, 'कोणता महिना होता?' आज्जी, पप्पांचं पुण्यस्मरण आपण माघात करतो. मी आजवर कधी हा विचारच केला नव्हता.

रवीला हे माहीत नाही. पळून पळून भिंत जाड झाली, विश्रांती घेतली की उतरेल, एवढंच सांगितलंय. आईला तर काहीच सांगितलं नाही. ती इथं माझ्यासमोर बसून भाकरी थापते आणि मी तिच्याकडं बघू शकत नाही.

सृष्टी


मुखेड
२२ डिसेंबर

चि. सृष्टीस आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी वाचून चुलीत घातली. रवीच्या हाती लागायला नको. उत्तराला उशीर झाला तो मलाच वेळ लागला म्हणून.

हाव, माघच व्हता. तुझ्या बापाच्या, माझ्या शिवप्पाच्या मातीला लोक स्वेटर घालून आले अन् ऊन लागलं म्हणून हळहळले. मीबी तेच म्हटलं. माणूस मेला की काहीतरी कारण द्यावं लागतं, त्याबिगर लोक उठून घरी जात न्हाईत. तेवढ्यावर हा विषय पुरे.

रवीची काळजी करू नको. पूजेच्या वेळी लिंग तळहातावर असतानाच त्याच्याकडून वदवून घेतलं, ताई मोजून मोकळं करीपर्यंत एक पाऊल पळणार न्हाई. तो म्हणाला, 'आज्जी, शपथ कशाला, मी हाव म्हटलं ना.' म्हटलं, तुझ्या नुसत्या हाव वर मी तुला कोथिंबीर आणायलाबी पाठवत न्हाई. बूट ज्वारीच्या कोठीत टाकले, वर पायलीभर ज्वारी. त्याचा दोस्त मुज्तबा पहाटे दारात शिट्टी मारतो. म्हातारी बहिरी हाय हे त्याला ठाऊक हाय. म्हणून मी बाज दारातच आडवी टाकून झोपते. कान गेले तरी बाकीची मी शाबूत हाय. जायचं तर माझ्यावरून जावं लागंल.

येळवशीच्या अवसेला शेतात पूजेला गेलो व्हतो. भज्जी झाली, आंबील झाली, माणसं पोटाला तडस लागेपर्यंत जेवली. मग संध्याकाळी हेंडगा. तुला लहानपणीचं आठवत असंल. कडब्याची पेंढी पेटवायची अन् घरच्या तरण्या पोरानं ती घेऊन शेताला पळत वळसा घालायचा, विझायच्या आत परत यायचं. दर साली रवीच असतो. औंदाबी त्यानंच पेटवली, अन् निघाला चालत. माणसं बघायला लागली. अर्ध्या बांधावर पेंढीची राख झाली.

बसवराज काका म्हणाला, 'काय रे, भरतीवाल्याच्या पायाला मेंदी लावली काय?' सगळे हसले. मी म्हटलं, 'बसवराज, तुझ्या पोराला दे दुसरी पेंढी. बघू ते पोट घेऊन कुठवर जातंय.' मग कुणाला हसू आलं न्हाई.

रवी परत आला तर दोन बोटं भाजलेली. म्हणाला, 'आज्जी, निम्मं शेत राहिलं.' म्हटलं, राहू दे, निम्म्यातच पिकंल.

असा तुझा भाऊ चालून राहिला. लग्नातल्या नवरीसारखा. एवढ्यानं भिंत उतरत नसंल तर ती भिंत न्हवं, किल्ला हाय. मला तर वाटतंय, उतरलीच असंल.

सिद्धम्मा


लातूर
१२ जानेवारी २०२६

ती. आज्जीस शरणार्थ.

घाईत लिहिते. रवीचा फोन आला होता. भरतीच्या मैदानी चाचणीची तारीख लागली, नांदेडला, याच महिन्याच्या शेवटी. आपले तीन महिने त्यानंतर भरतात. म्हणाला, 'ताई, आत्ताच मोज ना. मला वाटतंय उतरली.' मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, अर्धवट मोजलं तर अर्धवटच कळेल, आणि पळाला तर सगळं पहिल्यापासून. मग तो म्हणाला, 'एकदाच पळतो, मग परत तीन महिने थांबतो. तू म्हणशील तर सहा.' मी नाही म्हटलं आणि फोन ठेवला. पुढच्या भरतीला त्याचं वय बसेल, पण भरती कधी निघेल ते कुणाला माहीत आहे.

आज्जी, त्याला त्या दिवशी घरात कोंड, काहीही कर.

मी दिवसभर दुसऱ्यांच्या भिंती मोजते. काल उदगीरहून अख्तरीबी नावाच्या एक मावशी आल्या होत्या, तुझ्याच वयाच्या. त्यांची मधली भिंत इतकी छान आवळत होती, दर ठोक्याला फुगायची आणि उतरायची. त्या म्हणाल्या, 'बेटा, सब ठीक है ना?' मी म्हटलं, हो मावशी, लई छान. आणि मला त्यांचा राग आला. बाहेर जाऊन तोंड धुतलं.

सृष्टी


मुखेड
३० जानेवारी

चि. सृष्टीस आशीर्वाद.

कोंडलं न्हाई. शपथ घेतलेल्या माणसाला कोंडायचं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकायचं. तो म्हणाला, 'मुज्तबाबरोबर नांदेडला जातो, त्याचे कपडे धरायला कुणी न्हाई.' म्हटलं, जा. मीबी येते. मुज्तबा म्हणाला, 'दादी, तुम्ही कशाला, तिथं लई गर्दी असती.' म्हटलं, तुझ्या पाठीवर बसून येणार न्हाई, एसटीनं येते.

तर गेलो. आत फक्त पोरं. आम्ही जाळीच्या बाहेर, चहाच्या गाड्यापाशी. माझ्यासारख्या पुष्कळ बाया व्हत्या, कुणी गूळ घेऊन, कुणी लिंबू घेऊन. एक बाई मला विचारती, 'तुमचा कोणता?' मी रवीकडं बोट केलं. ती म्हणाली, 'हा तर बाहेरच हाय.' म्हटलं, हाव, बाहेरच हाय.

तिथं पोरांची छाती आधी साधी मोजतात अन् मग फुगवून मोजतात. बघ, तुमच्यासारखंच. मग पळायला सोडलं. रवीचं प्रवेशपत्र त्याच्या खिशात व्हतं. फाटकातून आत गेला असता तर मी काय करणार व्हते? पण तो जाळी धरून उभा राहिला. खांद्यावर मुज्तबाची पिशवी, काखेत त्याचा शर्ट. सगळं अंग दगड झालं व्हतं. पायाची बोटं तेवढी चपलेत हलून राहिली व्हती. शेवटच्या फेरीला त्यानं मुज्तबाला वरडून सांगितलं, हात सैल सोड, खांदा उचलू नको. मुज्तबा आधी रोज रवीच्या मागं पळायचा, कधी पुढं गेला न्हाई. काल चांगला पळाला. बाहेर येऊन रवीच्या गळ्यात पडला अन् तोच रडला. रवी त्याची पाठ थोपटून म्हणाला, 'येडा हायस का, पाणी पी.'

येताना मुखेडची गाडी फलाटावरून हलली. मी सवयीनं वरडले, 'पळ रे, धर.' तो पळाला न्हाई. कंडक्टर हात हलवून राहिला, पोरगं आपलं चालत गेलं अन् गाडी गेली. दुसऱ्या गाडीची वाट बघत बसलो. मी म्हटलं, 'अरे चार पावलांनी काय झालं असतं?' तर म्हणाला, 'शपथ तूच घातलीस आज्जी, अन् आता तूच सूट देऊन राहिलीस.'

हे तुला यासाठी लिहिलं की तुझ्या मॅडमला सांग, अशी राखण दुसरं कुणी केली नसंल. पुढच्या आठवड्यात त्याला पाठवते. नीट मोज.

सिद्धम्मा


लातूर
९ फेब्रुवारी

ती. आज्जीस शरणार्थ.

रवी आला आणि गेला. तुला त्यानं काय सांगितलं माहीत नाही. मी त्याला काहीच सांगितलेलं नाही.

आधी मी मोजलं, मग मॅडमनी. सैल असतानाची जाडी होती तेवढीच आहे. आवळताना वाढते तीही पहिल्याइतकीच, म्हणजे नाहीच्या बरोबर. मी दिवाळीतलं चित्र आणि आत्ताचं शेजारी शेजारी लावलं. आज्जी, एकाच दिवशी काढलेली वाटतात. रवी मान वळवून पडद्याकडं बघत होता. 'उतरली ना ताई?' मी म्हटलं, रिपोर्ट मॅडम देतात.

मॅडम म्हणाल्या, हा मुलगा तीन महिने खरंच पळाला नसेल, तर आता शंका नाही, हा आजारच आहे. मग पळणं कायमचं बंद. भरती विसरायची. गोळ्या, पुढच्या तपासण्या. जपून राहिला तर पुष्कळ जगेल, असंही म्हणाल्या. पण मधल्या काळात तो चोरून पळत असेल, तर ही मोजणी धरायची नाही. तर मग अजून दोन्ही शक्यता आहेत. पुन्हा तीन महिने थांबायचं, पुन्हा मोजायचं.

म्हणून विचारते. तू दारात झोपलीस, पण मागच्या बाजूला खिडकी आहे. तू शेजारी जातेस, पूजेला बसतेस. तो शेतावर एकटा जातो. बावीस वर्षांचं पोर आहे, मोडली असेल शपथ. मोडली असेल तर मी त्याला एक शब्द बोलणार नाही, वीरभद्राला नारळ फोडीन. मला आजवर कधी वाटलं नव्हतं की आपल्या रवीनं खोटं बोलावं.

रवी पळाला असेल तर कळव.

रक्ताच्या सगळ्यांचीच मोजावी लागते असं मॅडम म्हणत होत्या. ते मागाहून बघू.

सृष्टी


मुखेड
१२ फेब्रुवारी

चि. सृष्टीस आशीर्वाद.

मकबूल तुझी चिठ्ठी देऊन गेला तेव्हा रवी अंगणात आरसा टांगून दाढी करून राहिला व्हता. लातूरहून आल्यापासून लई खुशीत. मला मोठ्यानं सांगत व्हता, 'ताईनं लई वेळ मोजलं. बोलली न्हाई, पण उतरली असंल. न उतरून जाती कुठं? मी माझं काम चोख केलं.'

मी आत बसून वाचलं. दोनदा वाचलं. मग वाटलं, एवढंच ना? 'पळाला' लिहायला मला काय लागतं? चौथीत शिकलेलं अक्षर हाय. पोराला अजून तीन महिने आशा राहील, तुला राहील. मी पेन हातात घेतलाबी. मग म्हटलं, आधी विचारून तर बघू. खरंच पळाला असंल तर खोटं लिहायची पाळी येणार न्हाई.

बाहेर जाऊन म्हटलं, 'रवी, एखाद्या दिवशी पळाला असशील तर सांग. मी रागवत न्हाई.'

'न्हाई पळालो.'

'शेताकडं जाताना? तिथं मी थोडीच व्हते.'

'न्हाई आज्जी.'

'कुत्रं तरी मागं लागलं असंल.'

'लागलं व्हतं. उभा राहिलो.'

'मग? चावलं?'

'न्हाई. त्यालाच कंटाळा आला, गेलं.'

म्हटलं, 'अरे मग नुसतं म्हण की पळालो म्हणून. म्हणायला काय जातंय तुझं?'

तसा त्यानं वस्तरा खाली ठेवला. पोरगं येडं न्हाई. माझ्या तोंडाकडं बघून म्हणाला, 'ताईची चिठ्ठी आली काय?'

मग सांगितलं. भिंतीचं सांगितलं, बापाचं सांगितलं, माघ महिन्याचं सांगितलं. गोड केलं न्हाई. गोड कसं करायचं ते मला येतबी न्हाई. एका गालाला साबण तसाच घेऊन तो ऐकत बसला. माझं संपल्यावर म्हणाला, 'म्हणजे पळालो असतो तरी भिंत एवढीच राहिली असती.'

म्हटलं, 'हाव.'

'मग नांदेडला पळालो असतो तर झालो असतो पोलीस.'

'न्हाईतर मी तुला मकबूलच्या टेम्पोत घालून आणला असता.'

'आणला असतास. पण पळालो तर असतो.'

गालावरचा साबण वाळून पांढरा पडला. मग मी तांब्याभर पाणी आणून दिलं, त्यानं राहिलेली दाढी केली. नीट केली, कुठं कापलं न्हाई. आरसा काढून आत ठेवला अन् म्हशीला पाणी दाखवायला गेला.

तर मॅडमला सांग, पळाला न्हाई. एकदाबी न्हाई. कागदावर तसंच लिहायला सांग. तुम्हाला पक्कं कळलं ते त्याच्या इमानामुळं कळलं. दुसरा असता तर तुमची मोजणी वाया गेली असती अन् सगळे सुखी राहिले असते.

त्याच्यावर मी रडले का, असं तू विचारशील. न्हाई. रडून मोकळं व्हायचं हे ज्याचं दुखणं थोडं हाय त्याचं काम.

तुझ्या आईला, उमाला तूच सांग. आधी भाकऱ्या होऊ दे, तिला जेवू दे, मग सांग. शिवप्पाचं आधी सांग, रवीचं नंतर. ती माझी सून हाय, तुला वाटते तेवढी कच्ची न्हाई. माझ्यासारखीच तीबी इतकी वर्षं ऊन ऊन म्हणत आली, तिला खरं कळायचा हक्क हाय.

आता शेवटचं. रक्ताच्या सगळ्यांची मोजावी लागते, ते मागाहून बघू, असं लिहून तू चिठ्ठी संपवलीस. मी ते वाक्य परत परत वाचलं. शिवप्पाला दोन लेकरं. एकाची मोजली. रोज लोकांच्या छातीवर ते यंत्र फिरवतीस, संध्याकाळी खोली रिकामी झाल्यावर ते स्वतःच्या छातीवर ठेवलंस का, ते मला लिहिलं न्हाईस.

ठेवलं असशील तर काय दिसलं ते लिही. नसशील ठेवलं तर थांब, रवीला घेऊन मी सोमवारी येते. मला पडद्यावरचं कळणार न्हाई, पण शेजारी बसता येतं. असलं एकटीनं बघू नये.

सिद्धम्मा